पुढे गेलेली जाऊ

प्रिय ताई,

दुपारचे अडीच वाजलेत. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय, चार वाजता पुन्हा उघडायचं. औषधांच्या खोक्यांमध्ये स्टूल टाकून मी तुला लिहितेय. घरी लिहिता येत नाही. घरी तुझा फोटो आहे, त्याला माझं मेडल घातलंय, आणि येता-जाता दादा ते मेडल सरळ करत असतात.

गेल्या रविवारी आपल्या धावण्याच्या ग्रुपने कर्जतला कार्यक्रम केला. मुंबईची मॅरेथॉन धावून आलेल्या सगळ्यांनी आपापले अनुभव सांगितले. मीही सांगितला. सांगताना एक खरं बोलले आणि एक खोटं तसंच ठेवलं. ते खोटं काल उघडं पडलं, तुझ्या लेकीसमोर. आता ते दादांना सांगायचंय. त्यांच्याआधी तुला सांगावं असं वाटलं. तसं तुला सगळं ठाऊकच आहे म्हणा. तू तिथे होतीस. मी नव्हते.

लोकांना आपलं नवल वाटायचं, आठवतं का? जावा-जावा, आणि पहाटे जोडीने धावतात. दहिवलीत त्या आधी कोणी बाई रस्त्यावर धावलीच नव्हती, धावली असेल तर बसमागे. तुला साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि दादा नवऱ्याच्या हक्काने म्हणाले एकटी जाऊ नको, धाकटीला ने. म्हणून मी. झोपमोड झाली म्हणून पहिले आठ दिवस मी तुझ्याशी धड बोललेसुद्धा नव्हते.

मग त्या दिवशी पुलापाशी कुत्रं मागे लागलं. दोघी जीव खाऊन पळालो. कुत्रं केव्हाच थांबलं होतं, आपण थांबलो नव्हतो. शेवटी तू गुडघ्यांवर हात टेकून हसायला लागलीस. म्हणालीस, "पळता येतंय की गं आपल्याला."

लग्न होऊन आले तेव्हापासून मी तुला 'तुम्ही' म्हणायचे. थोरली जाऊ तू, घरातलं सगळं तुझ्या हातात. धावायला लागलो आणि ते 'तुम्ही' गळून पडलं. धापा टाकताना एवढ्या लांब शब्दाला श्वास पुरत नव्हता. एक दिवस मी "थांब गं" असं ओरडले आणि जीभ चावली. तू मागे वळून बघितलंस आणि थांबलीस. त्या दिवसापासून तू माझी जाऊ राहिली नाहीस. काय झालीस त्याला शब्द नाही.

दादांना ते पटलं नव्हतं. लावणीच्या दिवसांत तू पहाटे शेतावर जायच्या ऐवजी रस्त्यावर गेलीस, तेव्हा त्यांनी तुझे बूट माळ्यावर टाकले. तू दोन दिवस रबरी चपला घालून धावलीस. तिसऱ्या दिवशी बूट दारात होते, चिखल पुसलेले. पण तू ते विसरली नव्हतीस. मला वाटायचं विसरलीस.

ग्रुप चालवणाऱ्या म्हात्रे सरांनी आपल्या दोघींचे फॉर्म भरले. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, पण अजून सगळ्यांना विद्यार्थ्यांसारखं हाकतो. एकवीस किलोमीटर, मुंबईत. मी घरी यांना विचारलं. हे म्हणाले, "वहिनी येत असेल तर जा. एकटी नाय." एवढंच. मला तेव्हा फार आनंद झाला होता. त्या एका वाक्यात पुढे काय भरलेलं होतं, ते मला नंतर कळलं.

मॅरेथॉनला सहा आठवडे राहिले होते. तुला पळसदरीच्या चढावर दम लागायला लागला. दाढ दुखते म्हणायचीस. दाढेचे डॉक्टर म्हणाले, दाढ धडधाकट आहे. मी काउंटरवर उभी राहून बारा वर्षं लोकांची दुखणी ऐकतेय, ताई. दाढ धडधाकट असून जबडा का दुखतो ते मी ऐकलेलं होतं. म्हणून तर मी तुला ओढून खोपोलीला नेलं. कर्जतला दाखवलं असतं तर संध्याकाळच्या आत दादांच्या कानावर गेलं असतं. ते साजगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीवर होते तो दिवस धरून आपण गेलो.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी दोनदा बघितली. म्हणाले, पनवेलला जाऊन पुढची तपासणी करा, ती होईपर्यंत धावायचं नाही. तू विचारलंस, मॅरेथॉन झाल्यावर केली तर चालेल का? त्यांनी चष्मा काढला. "बाई, मी धावू नका म्हणतोय."

खोपोलीच्या स्टँडवर तू वडापाव घेतलास आणि तो तसाच हातात धरून बसलीस. मी म्हटलं, आता काय करायचं? तू म्हणालीस, "सा आठवडं तर हायत. मुंबईवरनं आलो की दुसऱ्या दिवशी पनवेल. तुझ्या दादास्नी आत्ता कळलं ना, तर ते बूट कायमचं माळ्यावर जातील." आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी पुढे केलीस. "तुझ्या पर्समधी ठेव. माझ्या पिशवीत सापडंल."

मी ठेवली.

मी वाद घालायला हवा होता. घातला नाही. तुझा हट्ट होता असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. पण तुझ्या हट्टापुढे मी कधी हार मानली होती? हळदीकुंकवाला कोणती साडी नेसायची यावरून मी तुझ्याशी दोन तास भांडलेली आहे. या एका गोष्टीवर मी पाच मिनिटंसुद्धा भांडले नाही. कारण तू थांबलीस तर मला कोणी मुंबईला पाठवणार नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, कार्यक्रमातही नाही. तुला सांगतेय. स्टँडवर बसून मी तुझ्या छातीचा विचार करत नव्हते. मी माझ्या एकवीस किलोमीटरचा विचार करत होते.

पुढचे तीन आठवडे तू बरी होतीस. निदान म्हणत तरी तसंच होतीस.

मग तो रविवार. अठरा किलोमीटरचं शेवटचं मोठं धावणं होतं. बाकीचे पुढे निघून गेले होते, आपण दोघी मागे. धुकं होतं, शेतांत वाल उभे होते. खोपोलीच्या रस्त्याला वीटभट्टीच्या अलीकडे तू चालायला लागलीस. पित्त झालंय म्हणालीस. मी कमरेच्या पट्ट्याच्या कप्प्यातून पित्ताची गोळी काढून दिली. तू ती चघळलीस आणि तोंड वाकडं केलंस.

तुझ्या कपाळावर घाम होता, ताई. थंडीत. मी तो बघितला.

तू म्हणालीस, "तू हो पुढं. मी येते मागनं."

आणि मी गेले.

घड्याळ चालू होतं. अडीच तासांच्या आत यायचं ठरवलं होतं, ते त्या दिवशी जमणार असं दिसत होतं. मी पुढे गेले, वळायच्या खुणेपर्यंत गेले. तिथे थांबून चिक्कीचा तुकडा खाल्ला. वाटलं, तू बसली असशील रस्त्याच्या कडेला. परत फिरले. भट्टीपाशी चार-पाच बायका गोळा झाल्या होत्या. एकीच्या मांडीवर तुझं डोकं होतं. तिचे हात मातीने भरलेले. पदर ओला करून ती तुझं तोंड पुसत होती. मी तिला ढकललं आणि तुझं डोकं माझ्या मांडीवर घेतलं. तोवर तू गेली होतीस. हे मला तिथेच कळलं होतं, दवाखान्यात कळलं नाही.

त्याच बायकांनी तुला टेंपोत चढवलं. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दवाखान्यात दादा कारखान्याच्या कपड्यांतच आले. रविवारीही त्यांची पाळी होती. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. रडत नव्हते. विचारलं, "जवळ व्हतीस ना तू?"

मी म्हटलं, "हो. माझ्या मांडीवर होतं डोकं."

ते तसं खोटंही नव्हतं ना? मांडीवर होतंच. पण ते काय विचारत होते ते मला कळलं होतं, आणि मी काय सांगतेय तेही कळत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग तेरा दिवस जो येईल त्याला ते तेच सांगत होते. सुनंदा एकटी नाय गेली. धाकटीच्या मांडीवर गेली. बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या. मी चहाचे कप उचलून आत जायचे. चिठ्ठी माझ्या पर्समध्येच होती.

मॅरेथॉनला मी जाणार नव्हते. दादाच म्हणाले, तिचं राह्यलंय, तू पुरं कर. यांनीही एकटीने जाऊ नको म्हटलं नाही. बघ ना, ताई, तू असशील तरच मला जायला मिळणार होतं, आणि शेवटी मिळालं ते तू नसल्यामुळे.

धावणं कसं झालं ते तुला सांगायचं राहिलंच. अंधारात निघालो. समुद्रावरच्या पुलावर वारा होता, खाली काही दिसत नव्हतं, फक्त आवाज. एवढी माणसं आणि सगळी गप्प, नुसते बुटांचे आवाज. मला वाटलं होतं मला त्रास होईल. व्हावा अशी इच्छा होती. सातव्या किलोमीटरला मी मुद्दाम थांबले, कठड्याला धरून उभी राहिले. तुला जिथे सोडलं ते अंतर साधारण तेवढंच होतं. एक अनोळखी म्हातारा मागून आला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चलो बेटा, बस थोडा है." थोडं कुठलं? पण मी निघाले.

शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक होते. छातीवरच्या कागदावरचं नाव वाचून ओरडत होते, वैशाली, वैशाली. रेघ ओलांडली आणि मला आनंद झाला, ताई. हे मला तुला सांगावंच लागेल. अर्धं मिनिट असेल, पण झाला. मी दोन्ही हात वर केले. फोटोत आहे ते. मग हात खाली आले आणि मी तिथेच रस्त्यावर बसले. कोणी तरी मेडल घातलं, केळं दिलं. ते केळं मी घरापर्यंत हातात धरून आणलं.

रविवारच्या कार्यक्रमात तो फोटो मोठा करून लावला होता.

सकाळी दहाला हॉल भरला. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर तुझा फोटो, शेजारी दादा, त्यांच्या शेजारी तुझी लेक प्राजक्ता. ती नव्या मुंबईहून रजा काढून आली होती. एकेक जण उठून बोलत होता. बँकेतले कुलकर्णी बुटातून पाय काढून काळी पडलेली नखं दाखवायला लागले, सर ओरडले तेव्हा बसले. बेकरीवाले रियाझभाई म्हणाले, अठराव्या किलोमीटरला पायात गोळा आला, एका शाळकरी मुलीने मीठ लावलेलं संत्रं हातावर ठेवलं, तसं संत्रं जन्मात खाल्लं नव्हतं. घरी गेलो तर अम्मीने विचारलं, पयला आलास का? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग एवढा कशाला धावलास? सगळे हसले. दादाही हसले थोडे. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

मग मला बोलावलं. मी ठरवून गेले होते तेवढं बोलले. ताईसाठी धावले, तिची आठवण सोबत होती, वगैरे. बायका डोळे पुसायला लागल्या. सरांनी माझ्या गळ्यातलं मेडल काढून तुझ्या फोटोला घालायला लावलं. टाळ्या झाल्या. मी बसायला निघाले होते.

तेवढ्यात मागून एक बाई उठली. आपल्यासारखीच, पन्नाशीची. म्हणाली, तिला साखर आहे, पण सुनंदाताईंचं ऐकून तिलाही धावायला यावंसं वाटतंय. आधी काही तपासणी करावी लागते का? सर म्हणाले, त्रास काही नसेल तर या बिनधास्त. सुनंदाताईंचं अचानक झालं, कुणालाच काही कल्पना नव्हती. आणि दादांनी मान हलवली.

ती बाई खाली बसली, हसली. तिच्या पायात नवे बूट होते.

मी माइकपाशी परत गेले. म्हटलं, "कल्पना होती. मला होती."

मग पर्समधून चिठ्ठी काढून सगळं सांगितलं. खोपोलीचे डॉक्टर, पनवेल, सहा आठवडे. त्या बाईकडे बघून सांगितलं, कारण दादांकडे बघता येत नव्हतं. सर चष्मा काढून खाली बघत होते. दादा उठले, माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, बाहेर गेले. प्राजक्ता त्यांच्यामागे गेली. मी तिथेच उभी. मेडल तुझ्या फोटोवर हलत होतं.

घरी आल्यावर दादा ओट्यावर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. मग म्हणाले, "तिनं तुला सांगितलान. मला नाय."

त्यांनी चिठ्ठीवरून अंगठा फिरवला.

"मी बूट टाकलं माळ्यावर, म्हणून."

मला 'नाही' म्हणायचं होतं. पण खोटं किती बोलणार? त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "चूक तुझी हाय, माझी पन हाय, तिची पन हाय. पन शेवटाला तू तिच्याजवळ व्हतीस. त्याच्याम्होरं मी तुला काय बोलू?"

ताई, त्यांनी मला माफ केलं. त्या मांडीसाठी माफ केलं. मी आत गेले आणि पोळ्या लाटायला बसले. हात नीट चालत होते. त्याचीच लाज वाटली.

प्राजक्ता मात्र गेली नाही. रजा वाढवली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. काल सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "काकी, आई जिथे गेली ती जागा दाखव." मी नाही म्हणू शकले नाही. स्कूटीवरून गेलो. मनात म्हटलं, भट्टीवर कोण मला ओळखणार आहे?

पण तिने ओळखलं. ज्या बाईला मी ढकललं होतं तिने. सोमी तिचं नाव. डोंगराकडच्या वाडीतली, पावसाळा संपला की नवऱ्याबरोबर भट्टीवर येते. विटा थापत होती. मला बघून उठली, हात झटकले. "मागनं आलेली बाय ना तू?"

प्राजक्ताने आपण तुझी लेक असल्याचं सांगितलं आणि विचारलं, मागनं म्हणजे?

सोमीला काय ठाऊक कोणाला काय सांगितलेलं आहे. तिने बिचारीने सरळ सांगितलं. तू रस्त्याच्या कडेला बसलीस, मग आडवी झालीस. ती धावत आली, तुझं डोकं मांडीवर घेतलं. तू पाणी मागितलंस. दोन घोट प्यालीस. मग तू तिला म्हणालीस, ती पुढं गेलीय ती माझी जाऊ हाय, तिला हाक मार. सोमी रस्त्यावर गेली. नाव माहीत नव्हतं, म्हणून "ओ बाय, ओ बाय" अशा दोन हाका मारल्या.

"पन बाय लांब गेल्ती," सोमी म्हणाली. "मी परत आले तर तुजी आई म्हनली, ऱ्हाऊ दे, येईल ती."

येईल ती.

मी ती हाक ऐकली होती, ताई. ऐकली होती. मला वाटलं, भट्टीवरच्या बायका एकमेकींना हाका मारतायत. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. घड्याळ बघितलं.

प्राजक्ता रडली नाही. ती सोमीच्या शेजारी मातीत बसली. तिचा तो चिखलाचा हात हातात घेतला आणि विचारलं, "तुमच्या मांडीवर होती ना माझी आई?" सोमी म्हणाली, "व्हय. हितंच." आणि जागा दाखवली. मी तिथे उभी होते, पण त्या दोघींनी माझ्याकडे बघितलं नाही. बघायचं कारणही नव्हतं.

परत येताना ती स्कूटीवर बसली नाही. चालत निघाली. मी मागून स्कूटी ढकलत. घराच्या फाटकाशी थांबून म्हणाली, "बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव, काकी. मी सांगणार नाही. पण ते मांडीचं परत माझ्यासमोर बोलू नको." आणि आत गेली. आज पहाटे ती नव्या मुंबईला परत गेली. जाताना दादांच्या पाया पडली, तुझ्या फोटोच्या पाया पडली. माझ्या नाही.

मला तुझा राग येतो कधी कधी. रागावू नको. पण का म्हणालीस पुढं हो? मला ओळखत नव्हतीस का? मी जाणार हे तुला ठाऊक नव्हतं? तू एकदा म्हटली असतीस, थांब गं, जीव घाबरतोय, तर मी थांबले असते. असं मला वाटतं. आता ते तपासून बघता येत नाही. आणि तू मला वाचवायलाच तसं म्हणाली असशील, माझे अडीच तास जाऊ नयेत म्हणून, तर ते मला जास्तच सहन होत नाही.

न सांगायची कारणं माझ्याकडे खूप आहेत. काल दुपारपासून मोजतेय. दादांची झोप आत्ता कुठे नीट लागायला लागलीय. सांगून तू परत येणार नाहीस. तेवढ्या एका गोष्टीवर माणूस तगलाय, ती का काढून घ्यायची? ही सगळी कारणं चांगली आहेत. पण एकेक उलटून बघितलं की खाली मीच दिसते, पाटावर बसलेली, पोळ्या लाटणारी, माफ केलेली.

आणि दुसरंही एक आहे. तू एकटी गेली नाहीस हे खरंच आहे ना? तुझं डोकं मांडीवर होतं, कोणी तरी पाणी दिलं, तुझं तोंड पुसलं, तुझ्यासाठी रस्त्यावर जाऊन हाक मारली. दादांना जे हवंय ते सगळं घडलेलं आहे. फक्त ते मी केलेलं नाही. मी त्या बाईला ढकलून तिची जागा घेतली, तेव्हाही आणि नंतर रोज. तिचं नावसुद्धा मला काल कळलं.

उन्हाळा संपता संपता भट्टी बंद होईल. सोमी आणि तिची माणसं वाडीवर जातील, मग पुढच्या वर्षी कुठल्या भट्टीवर असतील कोण जाणे. म्हणून मी थांबणार नाही. येत्या रविवारी दादांना सुट्टी आहे. तुला वचन देते, सकाळीच त्यांना सगळं सांगेन. चिठ्ठीचं नाही, ते झालं. मुंबईला जायला मिळावं म्हणून मी गप्प बसले ते सांगेन, पुढे गेले ते सांगेन, हाक ऐकली तेही सांगेन. घरीच सांगेन, वाटेत नाही, म्हणजे त्यांना माझ्याबरोबर यायचं नसेल तर सोमीकडे एकट्याने जाता येईल. आले तर मी त्यांना भट्टीवर नेऊन सोमीसमोर बसवेन आणि लांब उभी राहीन. ती तिच्या शब्दांत सांगेल. मी मध्ये बोलणार नाही.

त्यानंतर दादा मला काय म्हणतील, आपल्या अंगणात मला कोण हाक मारील, प्राजक्ता पुन्हा काकी म्हणेल की नाही, मला ठाऊक नाही. पण त्यांनी ज्या मांडीसाठी मला माफ केलंय ती माझी नव्हती. ती माफी मला त्यांना परत द्यायची आहे. मग त्यांना द्यावीशी वाटली तर ते पुन्हा देतील. नाही वाटली, तर मी मागणार नाही.

तुझी धाकटी,
वैशाली